कावळ्याला दिलेला शब्द आणि गाडीची मागची बाजू

नायगाव, खाडीकडची आळी
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आत्मारामभाऊ यांस,

शत्रुघ्नचा नमस्कार. वहिनींनाही सांगावा.

आज सकाळी गाडी ठोकळ्यांवरून उतरवून चाकांवर उभी केली. दुपारी सुनंदाने आणलेली भाकरी आणि वालाची भाजी खाल्ली. ऊन उतरता उतरता मागच्या बाजूचे सगळे बोल्ट आवळून झाले. खाडीचे पाणी आज बरेच वर चढले होते. दिवस एवढाच.

तुमचा गुडघा कसा आहे? तेल जिरवल्याने फरक पडत असेल तर तेच चालू ठेवावे. सफाळ्याला थंडी आमच्यापेक्षा जास्त असते, तेव्हा पहाटे वाडीत पाणी लावायला जाताना पायात मोजे घालत जावे. पत्र लिहिण्याचे कारण असे की, फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही. मागच्या खेपेला आपण दोघे बराच वेळ एकमेकांना 'हो, हो' म्हणत होतो, आणि नंतर वहिनींकडून हेमांगीला कळले की मी महिनाभर तुमच्याकडे राहायला येतो असे कबूल केले आहे. (तसे काही नाही. वहिनींनी खोली आवरली असल्यास माफी असावी.)

आता गाडीबद्दल. शकूच्या दहाव्याला खाडीकाठी कावळा पिंडाला शिवत नव्हता, ते तुमच्या लक्षात असेलच. हेमांगीने सांगून पाहिले की बाबांच्या जेवणाचे बघेन. कावळा फांदीवरच. सुनंदा म्हणाली, वहिनीचा मोगरा मी वाळू देणार नाही. तरी तो हलेना. मग तिचे भाऊ म्हणून तुम्ही पुढे होऊन हात जोडलेत आणि मोठ्याने म्हणालात, "शकू, गाडीची काळजी करू नको, गाडी मी चांगल्या घरी देतो." आणि कावळा आला. तेव्हापासून गाडी तुमच्या शब्दात आहे. येत्या फाल्गुनात वर्षश्राद्ध झाले की तुम्ही तुमच्या ओळखीच्या केळीवाल्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार, हेही ठरले आहे. मी त्यावर काही बोललो नाही. तुम्ही मला ओळखता, चार माणसांत माझ्या तोंडून शब्द निघत नाही. पण वर्षभर गाडी अंगणात उभी होती, एका बाजूला खाडीची खारी हवा, वरून पावसाळा. मनात आले, गिऱ्हाईक खाली वाकून बघेल आणि गंज दिसला तर तुमची मान खाली जाईल. म्हणून गाडीची मागची बाजू उतरवून नवी करायचे ठरवले, आणि तेही घरीच.

गॅरेजवाल्याला आधी विचारले होते. फुलपाड्याचा हरेश, शकू त्याच्याकडेच गाडी न्यायची. तो येऊन खाली टॉर्च मारून गेला आणि म्हणाला की काका, मागचा सबफ्रेम गंजलाय, आर्मचे बुश फाटलेत, स्प्रिंगा बसल्यात, हे घरी करायचे काम नाही, भंगारात घाला. सबफ्रेम म्हणजे गाडीच्या पोटाखाली आडवी बसवलेली लोखंडी चौकट. मागच्या चाकांचे हात तिला धरलेले असतात. (तुम्ही एवढी वर्षे एसटी चालवलीत, तुम्हाला हे सांगणे म्हणजे कोंबडीला अंडे दाखवण्यासारखे आहे. पण बसला ही चौकट नसते, म्हणून लिहिले.) मी आयुष्यभर पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढले. चार बोल्टांवर लटकलेली एक चौकट मला उतरवता येऊ नये, हे मनाला पटेना. आणि खरे सांगतो भाऊ, यात अवघड असे काही नाही. फक्त प्रत्येक गोष्ट दोनदा करावी लागते.

बोल्ट गंजून लोखंडाशी एकजीव झाले होते. त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ डिझेल पाजत होतो. शकूच्या तुळशीला पाणी आणि या बोल्टांना डिझेल मी एकाच फेरीत घालत असे. एकदा डब्यांची अदलाबदल झाली. तुळस त्यातून वाचली आहे, पण तिचा वास अजून पंपावरच्यासारखा येतो. (वर्षश्राद्धाच्या तुळशीपत्रांची सोय सुनंदा तिच्या घरून करणार आहे.) मग मंडपवाल्याकडून एक लांब पाइप आणला, पान्याच्या दांडीवर चढवला आणि जोर केला. पहिला बोल्ट सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला मी सुटलो आणि थेट कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसलो. शेजारच्या प्रिस्काबाईंनी कुंपणावरून फक्त कोंबड्या बऱ्या आहेत का एवढेच विचारले. चौथा बोल्ट मात्र आपणहून निघाला, जणू तिसऱ्याचे ऐकून शहाणा झाला.

चौकट जॅकवर घेऊन हळूहळू खाली उतरवत होतो. अर्ध्यावर येऊन ती थांबली. खालीही येईना, वरही जाईना, आणि मंद झोके घेऊ लागली. मी बाजूला बसून तिच्याकडे बघत राहिलो. शेवटी लक्षात आले की हँडब्रेकची केबल सोडायची राहिली आहे. कारण साधे आहे. मी ज्या बाजूला बसत असे तिथून हँडब्रेक ही मला गुडघ्याला लागणारी वस्तू वाटायची, तिच्या मागे काही तार असेल असे कधी वाटलेच नव्हते. हेमांगीला व्हिडिओवर हे दाखवले. ती पुण्याहून रोज फोन करते. ती म्हणाली, बाबा, काय करायचं ते करा, पण जॅकच्या भरवशावर खाली झोपू नका. मी रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे जाड तुकडे चारही बाजूंना लावले आहेत. त्यावर हत्ती उभा राहील. हे तिला सांगितल्यावर ती म्हणाली, आई असती तर हसली असती. मी 'हो' म्हणालो आणि वायर ब्रश घेऊन परत कामाला लागलो.

ब्रशने घासल्यावर एका कोपऱ्यात भोक निघाले, म्हणून चौकट वेल्डिंगला हरेशकडे न्यावी लागली. रिक्षात घातली तर ती दोन्ही बाजूंनी बाहेर. रिक्षावाल्याने तिचे दोन माणसांचे भाडे लावले, मी त्याच्या शेजारी बसलो आणि ती मागे ऐसपैस. हरेशने पत्रा लावून भोक बुजवले आणि भंगाराचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त इतके विचारले की काका, एवढं करून गाडी कोणाला? मी म्हटले, भाऊंचे गिऱ्हाईक आहे. तो म्हणाला, नशीबवान आहे.

घरी येऊन रेड ऑक्साइडचे दोन हात आणि काळ्या रंगाचे दोन हात दिले, आणि चौकट वाळायला फणसाच्या फांदीला टांगली. नवीन टॉवर झाल्यापासून तिकडची माणसे सकाळी आमच्या आळीतून चालायला येतात. त्यांतला एक सुरज नावाचा मुलगा (मुलगा म्हणजे तिशीचा, बँकेत आहे) कुंपणाशी थांबला आणि म्हणाला, वा काका, या वयात! मला काही कळेना. तोवर तो आत येऊन चौकटीला लटकलासुद्धा. दोनदा अंग वर ओढले आणि मग हातांकडे पाहिले. रंग अजून ओलाच होता. रॉकेलने त्याचे हात धुऊन दिले, तेव्हा त्याने चौकशी केली आणि ही व्यायामाची वस्तू नसून गाडीची आहे हे ऐकून त्याला जास्तच कौतुक वाटले. चौकटीवर त्याच्या दोन्ही पंजांचे ठसे होते. तिसरा हात दिला, तरी बोटे दिसतात. गिऱ्हाइकाने विचारले तर कंपनीची खूण आहे म्हणून सांगू.

बुशांचे प्रकरण मात्र तुम्हाला सुनंदाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळलेले बरे. बुश म्हणजे लोखंडी कडीतले रबर, चाकाचा आर्म जिथे चौकटीला जोडतात तिथे ते ठोकून बसवायचे असते. ते घट्ट असते, म्हणून आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवले की कडी थोडी आकसते आणि काम सोपे होते. हे शास्त्र आहे. मी पिशवीत बांधून ठेवले. सकाळी मी आर्म घासत असताना सुनंदा डबा घेऊन आली. तुम्हाला माहीतच आहे, माझ्या बहिणीला रिकामे बसवत नाही आणि तिच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन अजून व्हायचे आहे. तासाभराने मी आत गेलो तर बुश परातीत होते, पाण्यातून काढलेले, हळद आणि मीठ चोळलेले. ती म्हणाली, "दादा, ही माकुलं लई जुनी. शिजनार नाय." मी म्हटले, शिजायची नाहीतच. तिचा असा समज झाला की मी रागावलो, आणि तिने त्यांच्यासाठी वाटण काढायला घेतले. रागावलो नव्हतो. वर्षभरात त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच कोणी मासळी समजून काहीतरी साफ करत होते. बुश धुऊन पुन्हा रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवले आणि दुसऱ्या दिवशी लांब बोल्ट, वायसर आणि नळाचा तुकडा लावून दाबून बसवले. पिवळे दिसतात, पण बसलेत घट्ट.

सगळे परत चढवले, नवीन स्प्रिंगा घातल्या, नवे शॉकअप लावले, आणि आज गाडी चाकांवर उतरवली. ती मागून एवढी वर राहिली की कोंबडीने शेपटी वर करून दाणे टिपावेत तशी दिसत होती. घाबरण्याचे कारण नाही. शकूने त्या डिकीतून एवढी वर्षे भाताची पोती, केळीचे लोंगर आणि मोगऱ्याच्या करंड्या वाहिल्या, त्यामुळे गाडी बसलेलीच बघायची आपल्या डोळ्यांना सवय आहे. पण एक गोष्ट होती. रबरी बुशांचे बोल्ट गाडी रिकामी असताना शेवटचे आवळायचे नसतात. गाडीत नेहमीचे वजन हवे, आर्म आपल्या नेहमीच्या जागी यायला हवेत आणि मग आवळायचे. नाहीतर रबर जन्मभर पिळलेले राहते आणि लवकर फाटते. म्हणजे मला माणसे हवी होती.

चाकांखाली जाड फळ्यांच्या चळती घातल्या, म्हणजे मला खाली सरकता येईल. प्रिस्काबाईंना जाऊन सांगितले की जरा गाडीत बसायचे आहे. कुठे जायचेय, त्यांनी विचारले. मी म्हटले, कुठेच नाही. त्या साडी बदलून आल्या. बरोबर त्यांची सून जॉयस आली. सुनंदा होतीच. तिघी मागे बसल्या. सुरज बोटांचा रंग गेला का ते दाखवायला आला होता, त्याला पुढे डावीकडे बसवले. राहिली चालवणाऱ्याची जागा. तिथे बसायला कोणी तयार होईना. कोणी तसे बोलले नाही, पण सगळ्यांनी दुसरी जागा धरली आणि नंतर खिडकीबाहेर बघू लागले. मला वजन तर पूर्ण हवे होते. म्हणून घरातली तांदळाची गोण आणली, आपल्याच शेतातली, साधारण शकूएवढी भरेल अशी, आणि त्या सीटवर उभी केली. ती सारखी पुढे कलायला लागली, तेव्हा तिला पट्टा लावला.

प्रिस्काबाई मागून म्हणाल्या, "शत्रूभाव, आमी वजन म्हनून बसलो का पावनी म्हनून, ते आदी सांगा. पावनी म्हनून बसलो तर पानी इचारा." पाणी दिले. उन्हात वाळवलेली सुकेळीही दिली, ती सुनंदाने आणली होती. आणि मी पाना घेऊन खाली सरकलो.

भाऊ, गाडी माणसांनी भरली की तिचे वेगळेच जग होते, ते मी गाडीच्या पोटाखालून ऐकले. आधी जॉयसला काच खाली हवी होती, सुरजला एसी हवा होता, आणि गाडी बंद आहे हे दोघांनाही मान्य नव्हते. मग आलोच आहोत तर चिंचोटीच्या धबधब्याला जाऊ असे ठरले. कामणवरून जायचे की हायवेने, यावर वाद झाला. प्रिस्काबाईंचे म्हणणे, फेब्रुवारीत धबधब्याला पाणी नसते, तर आधी परत फिरू. इतक्यात सुनंदाला उभ्या गाडीत मळमळू लागले आणि तिने लिंबू मागितले. मी एकेक बोल्ट आवळत होतो. डावीकडचे झाले, उजवीकडचे पहिले झाले.

तेवढ्यात सुरजने वाकून खिडकीतून विचारले की काका, गाडी तुम्हीच चालवता का. मी खालून उत्तर दिले नाही, तोंडात वायसर होता. प्रिस्काबाईंनी दिले. "चालवाची ती शकू. हे बाजूला बसून वलनावर डावीकडं बगून 'मोकला' म्हनायचे. तेवडंच काम यांना." मग जॉयस हळूच म्हणाली की शकूमावशी त्यांनी 'मोकळं' म्हटल्याशिवाय कधी वळायच्या नाहीत. रस्ता रिकामा दिसत असला तरी. त्यावर वरचा रस्त्याचा वाद थांबला. सुनंदाची मळमळसुद्धा थांबली. मी शेवटचा बोल्ट आवळला, आणि मग तो आवळलेला आहे हे माहीत असून पुन्हा एकदा आवळला.

बाहेर आलो. सगळे उतरले. प्रिस्काबाईंनी खाली उतरताना गोणीच्या बाजूला बघून, रोजच्यासारखे म्हणावे तसे, "बरं, येते" म्हटले. आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, की गाडी बेष्ट चालली, एकपन खड्डा लागला नाय.

तर गाडीची मागची बाजू आता नवी आहे. गिऱ्हाइकाने खाली झोपून बघितले तरी बोट ठेवायला जागा नाही (सुरजची आहेत तेवढी सोडून). मी हे सर्व स्वतःच्या हातांनी केले, त्यात काही राहिले असेल असे मला वाटत नाही. एक लहान वायसर उरला आहे, पण तो कुठला आहे हे हळूहळू कळेल.

गुडघ्याला जपावे. वहिनींना सांगावे की त्यांच्या हातचे लोणचे संपले आहे, पण घाई नाही. हेमांगीचा नमस्कार.

आपला,
शत्रुघ्न

ता. क. गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून सांगावे. मी गाडी देत नाही. हे वरती लिहायचे होते, पण वर लिहिताना चार माणसांत बोलल्यासारखे वाटत होते. दहाव्याला तुम्ही मोठ्याने शब्द दिलात, तेव्हा तुमच्या मागे उभा राहून मी मनात म्हणालो होतो, शकू, गाडी मी कुठे जाऊ देणार नाही. त्याच वेळी कावळा उतरला. आता तो तुमच्या शब्दाला आला की माझ्या, हे त्याला विचारायची सोय नाही. वर्षभर मी याचाच विचार करतो आहे. तुम्ही बहिणीला दिलेला शब्द तुमच्याकडून मोडावा असे मला मुळीच वाटत नाही. तुम्ही चांगल्या घरी देतो म्हणाला होतात. आमचे घरही काही वाईट नाही भाऊ. पावसाळ्याआधी गाडीवर पत्र्याचे छप्पर करून घेतो. तुमच्या शब्दाप्रमाणे गाडी चांगल्या घरीच आहे असे तुम्ही समजावे, ही विनंती.

आणखी ता. क. मी शिकाऊ लायसन्स काढले आहे. परीक्षा संगणकावर होती, बोलायचे काही नव्हते, त्यामुळे सोपी गेली. तुम्ही शकूला जुचंद्रकडच्या मिठागरांच्या रस्त्यावर शिकवलेत. तुम्ही तिच्यावर ओरडलात म्हणून तिने टायर बघायच्या निमित्ताने तुम्हाला खाली उतरवले आणि एकटीच गाडी घेऊन घरी आली, हे ती मला दर दिवाळीला सांगायची. मी तसे करणार नाही, मला तेवढी गाडी येत नाही. वर्षश्राद्धाला येताना दोन दिवस जास्त काढून यावे आणि मला त्याच रस्त्यावर शिकवावे. ओरडले तरी चालेल. फक्त डावीकडे तुम्ही बसाल, तेव्हा वळणावर तिकडे बघून 'मोकळं' म्हणावे लागेल. ते काम आजवर माझ्याकडे होते. अवघड नाही, पण दर वेळी म्हणावे लागते.

सीट अजून तिच्याच उंचीवर पुढे ओढलेली आहे. माझे गुडघे मावत नाहीत. मागे कशी सरकवतात ते तुम्ही आल्यावर दाखवा.

दिवेलागण झाली. तांदळाची गोण अजून गाडीतच आहे, रात्री घुशी लागतील. पट्टा सोडून तिला घरात आणतो.